जुलैतली भटकंती : रतनवाडी, पाचनई, बारी आणि वाट चालू आहे का ते शोधणं

निघण्याआधी

जुलैत डोंगरात जायचं ठरलं की मी आधी वाट चालू आहे का ते बघते. मुक्काम, गाडी, सॅक हे सगळं त्यानंतर.

यंदा आम्ही चौघं होतो. ताई, भाऊजी, नुकतीच बारावीत गेलेली भाची आणि मी. ठाण्याहून कसारा घाटानं वर यायचं, भंडारदऱ्याला राहायचं, एक दिवस रतनगड, एक दिवस हरिश्चंद्रगड आणि परतताना कळसूबाई, असा बेत होता. हरिश्चंद्रगड भाऊजींना खिरेश्वरहून, तोलार खिंडीतून करायचा होता. कॉलेजात असताना ते त्याच वाटेनं गेले होते.

निघायच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'हरिश्चंद्रगड बंद' असा निरोप फिरायला लागला. खाली तारीख नाही, कुणी बंद केला त्याचा उल्लेख नाही. त्याच दिवशी ताईच्या ऑफिसातला एक मुलगा गडावर जाऊन आला आणि त्यानं फोटोही टाकले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे पावसाळ्यात फिरणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. दर वर्षी कितीतरी लोक पायथ्यापर्यंत येऊन माघारी जातात, आणि कितीतरी लोक जाऊ नये तिथे जातात.

हरिश्चंद्रगड तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे, खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, आणि नळीच्या वाटेचा पायथा बेलपाडा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात. गड एक आणि जिल्हाधिकारी तीन. पुण्याहून निघालेला मनाई आदेश पाचनईला लागत नाही, आणि पाचनईची वाट चालू आहे म्हणून खिरेश्वरला कुणी सोडत नाही. गडाचं नाव टाकून शोधलं तर हाती गोंधळच येतो. आधी पायथ्याचं गाव, मग त्याचा तालुका, मग जिल्हा, असं शोधत गेलं की चित्र लगेच साफ होतं.

हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. १ जुलै २०२४ च्या आधी आपण त्यालाच १४४ म्हणत होतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात मावळ-मुळशीपासून जुन्नरपर्यंतच्या ठिकाणांवर मनाई आली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला, तेव्हापासून प्रशासन आणखी कडक झालं आहे. अशा आदेशाची मुदत एका वेळी दोन महिन्यांच्या वर नसते, सरकारनं स्वतः वाढवली तरच पुढे जाते. म्हणून मागच्या वर्षीचा कागद यंदा पुढे ढकलला जात असेल तर तो वाचून काही कळत नाही. मूळ आदेश जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. तो उघडला की पहिल्यांदा तारखा बघायच्या, मग ठिकाणांची यादी, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात नीट वाचायचं ते हे की मनाई नेमकी कशाला आहे. पुष्कळ आदेशांत ती पाण्यात उतरायला, धबधब्याखाली बसायला, कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढायला असते आणि पायवाट चालूच असते. काही ठिकाणी मात्र पाऊलच टाकायला बंदी असते. मोडली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

आम्ही बघितलं तेव्हा जुन्नरच्या बाजूला मनाई होती. अकोल्याच्या बाजूला पाण्यात उतरायला बंदी आणि चालायला मोकळीक. खिरेश्वर सुटलं, पाचनई ठरलं. भाऊजी हळहळले, पण वाद घातला नाही.

जिल्हाधिकाऱ्यांखेरीज दुसरं दार वनविभागाचं. रतनगड, कळसूबाई, पाचनईची वाट हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८६ चं, आणि त्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडून चालतो. अभयारण्यातली वाट बंद करायला त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची गरज नसते. दरड आली, ओढा फुगला, शिडी हलायला लागली की नाक्यावरचा वनरक्षक तिथेच थांबवतो, आणि ती बातमी कुठल्याही संकेतस्थळावर दुपारपर्यंत दिसत नाही. त्यासाठी तिसरं दार, गावातला फोन. आमचा मुक्काम शेंडीत एका घरी होता. त्या घरच्या मावशींना मी निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन केला. त्या म्हणाल्या, "या तुम्ही. कळसूबाई चालू हाय, पाचनईला बी लोक जात्यात. रतनगडाचं मात्र आत्ता बोलू नका, वढ्याला पानी लय हाय. सकाळी बघून सांगू."

हवामानाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार जणांच्या नजरेतून सुटते. हवामान खातं जिल्हावार रंग देतं. अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे जिल्ह्याचा रंग पुष्कळदा हिरवा किंवा पिवळा दिसतो. पण अकोले तालुक्याचं पश्चिम टोक घाटमाथ्यावर आहे आणि तिथल्या घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचा रंग बघून निघालात तर फसगत होईल. खातं नाशिक आणि पुण्याच्या घाट विभागाचा इशारा वेगळा देतं, भंडारदऱ्यासाठी मी नाशिक घाटाचा बघते. भाषाही समजून घ्यायची. चोवीस तासांत पाऊस ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या पलीकडे 'अत्यंत जोरदार'. लाल इशारा असताना घाटमाथ्यावरच्या कुठल्याही वाटेवर जायचं नाही, मग ती कागदावर चालू असो वा नसो. आम्हाला शुक्रवार-शनिवारला नारिंगी होता, रविवारपासून पिवळा.

शुक्रवार : घोटी, बारी, शेंडी

कसारा घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. घोटीला डावीकडे-उजवीकडे भातखाचरं सुरू झाली आणि भाचीनं खिडकी उघडून हात बाहेर काढला तो शेंडीपर्यंत आत घेतला नाही.

बारीला चहाला थांबलो. कळसूबाईचा डोंगर पूर्ण ढगात होता. टपरीवरचे दादा गवती चहा घालून चहा करतात, आलं ठेचून नव्हे, किसून घालतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, सकाळी गेलेली दोन टोळकी शेवटच्या शिडीखालूनच परत आली, वर वारा उभं राहू देत नाही. म्हणजे वाट चालू, माथा बंद. हे कुठल्या आदेशात लिहिलेलं नसतं. सोमवारी येतो सांगून निघालो.

शेंडीच्या अलीकडे नाक्यावर अभयारण्याचा प्रवेश कर भरला. पावती घेताना तिथल्या वनरक्षकाला रतनगडाचं विचारलं. त्यानं वहीतलं पान दाखवलं. घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी, अशी नावं आणि पुढे मिलिमीटरचे आकडे. सकाळी साडेआठला मोजलेला, मागच्या चोवीस तासांचा पाऊस. हे आकडे नगरच्या वर्तमानपत्रांतही धरणाच्या साठ्याबरोबर रोज छापून येतात. ज्यांना रतनगड करायचाय त्यांनी आधीचे तीन-चार दिवस रतनवाडीचा आकडा बघत राहावं. एका दिवसाच्या मोठ्या आकड्यापेक्षा सलग पडणारा पाऊस जास्त त्रास देतो, कारण जमीन भरलेली असते आणि मग थोड्या सरीनंही ओढा उसळतो.

रात्री मावशींकडे जेवलो. चुलीपुढे बसून त्या नागलीची भाकरी करत होत्या. पीठ उकळत्या पाण्यात घालून, उकड काढून मळलेलं. थापताना परातीवर हाताचा आवाज होत नाही, इतक्या हलक्या हातानं गोल फिरवत नेतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि उलटून निखाऱ्याजवळ उभी केली की टम्म फुगते. रंग चॉकलेटी, कडा जराशा करपलेल्या. बरोबर करटुल्यांची भाजी आणि खुरासणीची चटणी. भाचीनं आयुष्यात पहिल्यांदा करटुली खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. भात घरचाच, काळभात, वासानंच जेवण निम्मं होतं. याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. मावशींनीही करटुल्यांच्या आणि वालाच्या बिया राखेत घोळून मडक्यात ठेवलेल्या दाखवल्या.

रात्रभर पत्र्यावर पाऊस पडत होता.

जाणाऱ्यांसाठी : फोन एकाच कंपनीचा चालतो असं धरू नका. घाटघर-साम्रद बाजूला रेंज जाते. आदेशाचा कागद, नकाशा, गावातले नंबर आधीच फोनमध्ये उतरवून आणि एका कागदावर लिहून ठेवा. 'सचेत' हे सरकारी अ‍ॅप तुमच्या जागेचा इशारा मराठीतून पाठवतं. ते घरूनच सुरू करून या.

शनिवार : रतनवाडी

सकाळी सहाला मावशींच्या थोरल्या मुलानं रतनवाडीला फोन लावला. उत्तर एका वाक्यात आलं. "काळा दगड दिसत नाही."

तरी आम्ही गेलो, गड चढायला नाही, गावात. रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. मुतखेलच्या पुढे दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून इतके धबधबे पडत होते की कुठला बघायचा ते कळेना. रतनवाडीत गाडी लावली आणि गडाच्या वाटेकडे निघालो, तर शेताच्या शेवटी दोन झाडांना दोर बांधलेला आणि शेजारी घोंगडी पांघरून एक आजोबा बसलेले. गावच्या समितीनं त्यांना तिथे बसवलं होतं.

त्यांनी आम्हाला ओढ्यापाशी नेलं. ही प्रवरा. रतनगडाच्या कुशीतून निघते आणि गडाची वाट रानातून जाताना तिला पुन्हा पुन्हा ओलांडते. आजोबांनी काठीनं पाण्याच्या मधोमध दाखवलं. तिथे दगड नव्हता, पाणी एका जागी फुगून वर येत होतं आणि मागे फेस सोडत होतं. त्या फुगवट्याखाली काळा दगड होता. तो पूर्ण दिसला तर पहिलं पाणी घोट्याएवढं, निम्मा दिसला तर गुडघ्याएवढं, आणि बुडाला तर वाट बंद. "हितं तुमी पार करून जाल बी," ते म्हणाले, "पन वर पुन्ना पानी हाय, आन् येताना ते वाढल्यालं आसतं. मंग आडकून बसत्यात. रातीची पोरं सोडवाया आमालाच जावं लागतं."

हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. पण त्यात सगळं आलं. अडकलेल्यांना काढायला पहिल्यांदा हीच माणसं जातात, अंधारात, बॅटरी आणि दोर घेऊन. गिर्यारोहकांची बचाव पथकं नाशिक-पुणे-मुंबईहून यायला काही तास लागतात. वाट बंद असताना घुसणारा माणूस स्वतःबरोबर या आजोबांच्या मुलाचा जीवही पणाला लावतो. दोराशी हुज्जत घालणारे लोक आम्ही तिथे उभे असतानाच आले. मुंबईची गाडी होती, 'आम्ही एवढ्या लांबून आलोय' हे त्यांनी दोन-तीनदा ऐकवलं. आजोबांनी त्यांनाही ओढ्यापाशी नेलं. पाणी बघितल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

मग अमृतेश्वर. रतनवाडीचं हे देऊळ रतनगडाला जाणारे सकाळच्या घाईत ओलांडून जातात, म्हणून ते शांतपणे बघायला मिळालं याचा मला आनंद झाला. काळ्या दगडाच्या भिंतींवर पाणी झिरपत होतं आणि त्यामुळे प्रत्येक कोरीव नक्षी उठून दिसत होती. उन्हात ती इतकी स्पष्ट दिसत नाही. गाभाऱ्यात पाणी भरलेलं, पिंड पाण्याखाली. पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्तींवर हिरवं शेवाळ चढलं होतं.

बाहेर आलो तर समोरच्या खाचरात आवणी चालली होती. बायका ओळीनं वाकून रोपं लावत मागे सरत होत्या, डोक्यावरून कमरेपर्यंत प्लॅस्टिकचे घोंगते. भाची बांधावर उभी राहून बघत होती, तर एकीनं हाक मारली, "ये गं पोरी, लाव चार काड्या!" ती बूट काढून खरंच उतरली. तीन बोटांत दोन-तीन रोपं धरून अंगठ्यानं चिखलात खुपसायची आणि लगेच हात काढायचा, म्हणजे मूळ सरळ राहतं. तिची पहिली ओळ वाकडी गेली. त्या बाईंनी शेजारून हात धरून पुढची लावून घेतली. चहा आला तो सगळ्यांना एकाच किटलीतून.

दुपारनंतर साम्रदहून घाटघरला गेलो. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात बंदच असते. दोन कड्यांमधली ती अरुंद घळ म्हणजे पाण्याचीच वाट, त्यामुळे यासाठी आदेश शोधत बसू नका, पाऊस सरल्यावर या. घाटघरच्या कोकणकड्यावर काहीही दिसलं नाही. खालून वर येणारा वारा पावसाचे थेंब उलटे वर फेकत होता, एवढं मात्र पाहिलं.

रविवार : पाचनई आणि हरिश्चंद्रगड

पहाटे पाऊस थांबला होता. शेंडीहून राजूर आणि तिथून पाचनई. रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे, वेळ धरून निघा. राजूरला गरम वडापाव मिळतो, पुढे गावात पोचेपर्यंत दुकान नाही.

पाचनईत नावं लिहून घेतात. किती जण, कुठून, गाडीचा नंबर, कधी उतरणार. हे मनापासून भरा, खोटा नंबर देऊ नका. संध्याकाळी ही यादी बघूनच कोण वर राहिलं ते कळतं. वहीवर बसलेल्या ताईंनी सांगितलं, पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या रेलिंगपलीकडे जायचं नाही, चारच्या आत खाली. वाट सोपी आहे. सुरुवातीचा चढ झाला की डोक्यावर झुकलेल्या प्रचंड कातळाखालून आडवं चालायचं. वरून पाण्याचा पडदा पडतो आणि आपण त्याच्या आतल्या बाजूनं जातो. तिथे रेलिंग आहे, तरी शेवाळ जपूनच.

वर देवळाजवळ एका झापात झुणका-भाकरी घेतली. तिथेच पुण्याकडचं एक टोळकं भेटलं. सात-आठ जण, चेहऱ्यावर थकवा, आणि सकाळचे अकराच वाजले होते. ते पहाटे साडेचारला खिरेश्वरला पोचले होते. तिथे पोलिसांनी अडवलं. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, 'गड चालू आहे का?' पलीकडचा माणूस पाचनईचा होता. त्यानं 'चालू आहे' सांगितलं आणि ते खरंच होतं. मग हे सगळे ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा वळसा घालून या बाजूनं आले. त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "ताई, आम्हाला माहीतच नव्हतं की एका गडाचे जिल्हे वेगळे." भाऊजींनी त्याला फोनमधला आदेश उघडून दाखवला, तालुक्यांची यादी, मुदतीची तारीख. त्या सगळ्यांनी तो घेतला आणि तिथेच बसून वाचला. मला ते फार बरं वाटलं.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आतून-बाहेरून ओलं होतं. चांगदेवांनी इथे तप केलं आणि 'तत्त्वसार' लिहिलं असं सांगतात. देवळाच्या खालच्या अंगाला केदारेश्वराची लेणी. चार खांबांपैकी एकच उभा, मध्ये भलीमोठी पिंड आणि भोवती बर्फगार पाणी. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून ओढाच वाहतो, म्हणून लांबूनच नमस्कार केला.

कोकणकड्यावर पोचलो तेव्हा पांढरी भिंत. याच कड्यावर १८३५ मध्ये कर्नल साइक्सनं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिल्याची नोंद आहे. त्यासाठी समोर ढग आणि पाठीशी ऊन लागतं, आमच्याकडे अर्धंच होतं. अर्धा तास बसलो. मग एकदम, कुणी पडदा ओढावा तसं धुकं फाटलं आणि खाली, फार खाली, बेलपाड्याची कौलं आणि हिरवे चौकोन दिसले. मिनिटभरच. भाचीनं फोन काढेपर्यंत सगळं पुन्हा पांढरं झालं.

तीन वाजता खाली उतरलो, वहीत नावापुढे खूण करून घेतली.

जाणाऱ्यांसाठी : अभयारण्याच्या वाटांसाठी वनविभागाची मदतवाहिनी १९२६, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आणि संकटात ११२. १०७७ लावताना लक्षात ठेवा, ज्या जिल्ह्यातून फोन कराल तिथला कक्ष लागतो. ठाण्यातून अकोल्याचं विचारायचं तर अहिल्यानगरचा एसटीडी कोड ०२४१ आधी लावा.

सोमवार : कळसूबाई

शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते, म्हणून सोमवार ठेवला होता. साडेपाचला बारीच्या दादांना फोन केला. वारा पडलाय म्हणाले. सहाला चढायला लागलो.

१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. चढ सरळ आणि दमवणारा, पण वाट चुकायला जागा नाही. निम्म्यावर एका आजीबाईंनी झाप उभारलाय, तिथे लिंबू सरबत घेतलं. आजीबाई पहाटे पाण्याचा हंडा खालून डोक्यावर घेऊन येतात. शिड्यांचं लोखंड ओलं आणि थंडगार होतं. चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, छत्री सॅकमध्ये टाका, आणि समोरून उतरणारे असतील तर खाली थांबा. शेवटच्या शिडीआधीच्या विहिरीपाशी वारा लागला, पण अंगावर येणारा नव्हता. माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ. पुजाऱ्यांनी खडीसाखर हातावर ठेवली. भंडारदऱ्याचं पाणी ढगांच्या फटीतून दोनदा चमकलं, आणि पलीकडे अलंग-मदन-कुलंगचे माथे. भाऊजी ते ओळखून ओळखून दाखवत होते.

उतरून बारीत आलो तर दीड वाजला होता. भजी तळून होईपर्यंत डोंगर पुन्हा ढगात गेला. नाशिकच्या कॉलेजातली पाच-सहा मुलं-मुली दोन गाड्यांवरून आली आणि चढायला निघाली. वनविभागाचं कुणी नव्हतं, दोर नव्हता, आदेशही नव्हता. टपरीच्या दादांनी हाक मारून थांबवलं. आत्ता निघालात तर शिड्यांपाशी चार वाजतील, वारा दुपारनंतर वाढतो, उतरताना अंधार. एक मुलगा म्हणाला, "पण वाट चालू आहे ना?" ताईनं त्याला बसवलं, शुक्रवारी परत आलेल्या टोळक्यांचं सांगितलं, शिडीवर वारा कसा लागतो ते सांगितलं. आम्ही नुकतेच उतरलो होतो आणि कपडे अजून निथळत होते, त्यामुळे बहुधा त्यांना पटलं. मुलांनी चहा मागवला. त्यांच्यातली एक मुलगी दादांकडे वळून म्हणाली, "मग उद्या सकाळी?"

"पाचला फोन कर," दादा म्हणाले. "वारा बघून सांगतो."

तिनं त्यांचा नंबर लिहून घेतला, आणि शेंडीच्या मावशींचा आमच्याकडून.